ढोलीपासून साठ पावलांवर: जांबोटीकडील धनेश-निवासाचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी आणि कणकुंबी यांच्या दरम्यान, मुख्य रस्ता सोडून तीन किलोमीटर आत राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाकडे आम्ही मार्चच्या अखेरीस दोन दिवस आणि एक रात्र मुक्काम केला. राहणे, चहा-नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण आणि धनेशाची, म्हणजे हॉर्नबिल पक्ष्याची, झाडातली ढोली दाखवण्यासाठी घरातलाच जाणता माणूस, अशी ही एकत्रित सोय असून तिचे माणशी २,२०० रुपये आणि बारा वर्षांखालील मुलांचे निम्मे पैसे घेतले जातात. मी, माझी धाकटी बहीण आणि तिची अकरा वर्षांची मुलगी, असे तिघेजण होतो. गावाचे आणि घराचे नाव मी येथे लिहीत नाही. घरमालकांनी तशी विनंती केली होती आणि तिचे कारण मला पूर्ण पटले: ढोलीचा पत्ता एकदा सर्वांच्या हाती पडला की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली पाच गाड्या उभ्या राहतात. ज्यांना जायचे आहे त्यांना बेळगावातील पक्षीनिरीक्षकांकडून संपर्क मिळू शकतो. आम्हालाही तो तसाच मिळाला. फोनवर मालक आधी किती माणसे येणार, लहान मूल आहे का, कॅमेरा कोणता आहे आणि याआधी ढोली पाहिली आहे का, हे विचारतात आणि मगच तारीख देतात. एका वेळी चारांपेक्षा जास्त माणसे ते घेत नाहीत.

आमच्या भागात तीन प्रकारचे धनेश रानात दिसतात आणि चौथा, साधा राखी धनेश, गावाजवळच्या वड-पिंपळांवरही येतो. सर्वांत मोठा तो महाधनेश. चोचीपासून शेपटीपर्यंत तो मीटरभर किंवा त्याहूनही लांब भरतो आणि डोक्यावरच्या पिवळ्या शिरस्त्राणामुळे, म्हणजे चोचीवरच्या टोपीसारख्या उंचवट्यामुळे, एकदा पाहिला की विसरता येत नाही. दुसरा मलबारी कवड्या धनेश, काळा-पांढरा, दांडेलीला काळी नदीच्या काठावर थव्याने दिसणारा. तिसरा मलबारी राखी धनेश, ज्याला शिरस्त्राण नसते आणि जो सह्याद्रीबाहेर जगात कोठेही आढळत नाही. आमचे वाटाडे, ज्यांना घरातल्या मुलांप्रमाणे आम्हीही मामा म्हणू लागलो, ते मोठ्या धनेशाला गरुड म्हणतात, कोकणातल्या सासुरवाडीला गेले की ककणेर म्हणतात आणि वनखात्याच्या माणसाशी बोलताना कानडीत मंगट्टे म्हणतात. पाहुण्यांसाठी तेवढा हॉर्नबिल. चारही शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात आणि सीमेवरच्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही.

मुक्कामाच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगते. घर कौलारू असून पाहुण्यांसाठी पडवीला लागून दोन खोल्या बांधलेल्या आहेत. अंथरुणे स्वच्छ होती. न्हाणीघर आणि संडास घरापासून वीस-पंचवीस पावलांवर असल्यामुळे रात्री विजेरी लागते आणि वयस्कर माणसांना ते गैरसोयीचे होईल. मोबाइलला रेंज नाही, हे आधी सांगितले जाते, पण वीज संध्याकाळी दोन तास जाते हे सांगितले गेले नाही आणि त्यामुळे कॅमेऱ्याची बॅटरी अर्धीच भरली. जेवणाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, कोवळ्या फणसाची भाजी आणि आमसुलाची कढी घरच्या मावशींनी इतक्या मायेने वाढली की भाचीने घरी कधीही न खाल्लेली फणसाची भाजी दुसऱ्यांदा मागितली. रस्त्यावर फलक नाही. पहिल्या खेपेला माणूस वाट चुकतो, तेव्हा फाट्यावर पोहोचल्यावर तेथील किराणा दुकानातून निरोप पाठवावा.

आता ज्यासाठी गेलो त्याबद्दल.

पहाटे साडेपाचला मामांनी उठवले आणि निघण्यापूर्वी आमचे कपडे पाहिले. बहिणीची गुलाबी ओढणी त्यांनी नम्रपणे घरी ठेवायला सांगितली, भाचीच्या बुटांच्या तळव्यांत चमकणारे दिवे होते म्हणून तिला मावशींच्या चपला दिल्या आणि माझ्या फोनचा आवाज बंद आहे की नाही हे स्वतः पाहून घेतले. ही जागा भीमगड अभयारण्याच्या हद्दीबाहेर, त्यांच्या मालकीच्या रानात आहे. २०११ साली जाहीर झालेल्या, सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि मामा तसे कोणाला नेतही नाहीत. पाऊण तास चालल्यावर उताराच्या कडेला एक जुना, प्रचंड बेहडा दिसला. त्याच्यापासून साठ पावलांवर करवंदीच्या जाळीमागे त्यांनी वाळलेल्या डहाळ्यांचा आडोसा केलेला आहे. आत चारजण मांडी घालून बसू शकतील एवढीच जागा आहे. त्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचे नाही, हा येथला पहिला नियम आहे.

बेहड्याच्या बुंध्यावर, जमिनीपासून चाळीसेक फूट उंचीवर, दुर्बिणीतून प्रथम फक्त एक गडद रेघ दिसली. तीच ढोली. धनेशाला सुतार पक्ष्यासारखे लाकूड कोरता येत नाही. त्यामुळे फांदी मोडून किंवा खोड कुजून आपोआप तयार झालेली आणि त्याच्या देहाला पुरेल एवढी मोठी पोकळी त्याला शोधावी लागते, आणि अशी पोकळी केवळ जुन्या, थोराड झाडांतच असते. मादी आत शिरल्यावर स्वतःची विष्ठा, फळांचा गर आणि माती यांच्या लिंपणाने तोंड बुजवून घेते आणि चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. मग अंडी घालणे, उबवणे आणि पिल्लाचे पहिले काही आठवडे हे सगळे त्या अंधारात होते. याच काळात तिची उडण्याची पिसे झडतात, म्हणजे मनात आणले तरी तिला उडून जाता येत नाही. दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ तिचे आणि पिल्लाचे पोट सर्वस्वी नरावर अवलंबून असते. नराला कोणी मारले, किंवा माणसांच्या गर्दीला बिचकून तो येईनासा झाला, तर आतले जीव उपाशी राहतात.

सात वाजून दहा मिनिटांनी प्रथम आवाज आला. लोहाराचा भाता जोराने ओढावा तसा, एकामागून एक, हुस्स हुस्स असा तो आवाज दरीच्या पलीकडून जवळ येऊ लागला. महाधनेशाच्या पंखांतील उड्डाणपिसांची मुळे खालच्या बाजूने उघडी असल्यामुळे त्यांच्यामधून हवा वाहते आणि म्हणून पक्षी दिसण्यापूर्वीच ऐकू येतो. "नर यायलाय, हलू नका," मामा कुजबुजले. तो शेजारच्या ऐनाच्या फांदीवर उतरला, तेव्हा फांदी वाकून पुन्हा वर आली. त्याचा डोळा लाल होता. मादीचा पांढरट असतो, हे भाचीला नंतर समजावून सांगितले. त्याने दोन-तीन मिनिटे मान वळवून आजूबाजूला पाहिले आणि मग झेप घेऊन ढोलीच्या तोंडाशी उभा चिकटला.

पुढची सात-आठ मिनिटे मी दुर्बीण खाली घेतली नाही. नराने मान किंचित मागे टाकली, गळ्यातून एक पिकले फळ वर आणले आणि एवढ्या थोरल्या चोचीच्या अगदी टोकात, तांदळातला खडा चिमटीत धरावा तसे धरून फटीशी नेले. आतून मादीच्या चोचीचे पिवळसर टोक बाहेर आले आणि फळ घेऊन दिसेनासे झाले. मग दुसरे, तिसरे. मामा गुडघ्यावर वही ठेवून प्रत्येक फळाला एक उभी रेघ मारत होते आणि पाचव्या रेघेला आडवी काट देत होते. नांद्रुकाची तेवीस फळे झाली आणि शेवटी एक सरडा निघाला. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर सरडे, किडे असा आहार वाढतो, म्हणून सरडा दिसल्यावर मामांचा चेहरा खुलला. ती वही शाळेतली साधी दोनशे पानी आहे. पहिल्या पानावर मादी आत गेल्याची तारीख २९ जानेवारी अशी आहे आणि त्यापुढे ते जेव्हा जेव्हा येथे बसले त्या प्रत्येक सकाळची नोंद आहे: वेळ, फळांची संख्या, फळ ओळखता आले असल्यास त्याचे नाव, आणि कोणी पाहुणे होते का. गेल्या सहा हंगामांच्या अशा सहा वह्या त्यांच्या कपाटात आहेत. त्या दिवशीची नोंद त्यांनी भाचीकडून लिहवून घेतली.

नर उडून गेल्यावर आम्हाला आणखी थांबायचे होते. मामा म्हणाले, "दोन तास झाले ताई, आता उठायचं. तो परत यायच्या आत आपण गेलेलं बरं." बहिणीने फोटोसाठी दहा पावले पुढे जाता येईल का असे विचारले. तिला त्यांनी शांतपणे नाही म्हणून सांगितले आणि जास्त पैसे देण्याची तिची तयारी दिसल्यावर पुन्हा तितक्याच शांतपणे नाही म्हणून सांगितले. माझ्या मते या निवासाचे पैसे त्या नकारासाठी मोजावेत.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी कवड्या धनेशाची ढोली पाहण्यासाठी गेले होते. जंगलातली उत्तम निवासव्यवस्था, गरम पाणी, वेळेवर जीप, सगळे काही होते. परंतु चौदाजणांना थेट झाडाखाली नेऊन उभे केले गेले, नर लवकर येईना म्हणून वाटाड्याने फोनवर धनेशाची हाक वाजवली आणि कोणाच्या तरी कॅमेऱ्याचा फ्लॅश दोनदा उडाला. नर आला होता. चोचीत फळ धरून तो चाळीस मिनिटांहून अधिक काळ पलीकडच्या फांदीवर बसून राहिला, दोनदा ढोलीकडे झेपावून परत फिरला आणि शेवटी तसाच निघून गेला. सगळ्यांना फोटो मिळाले आणि सगळे खूश झाले. माझ्याही फोनमध्ये त्या दिवसाचे फोटो होते. घरी आल्यावर ती ढोली डोळ्यांसमोरून हलेना आणि मी ते फोटो पुसून टाकले.

येथील सेवेत दोष नाहीत असे नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळची फेरी जवळजवळ वाया गेली. आम्ही उशिरा पोहोचलो हे त्याचे एक कारण, पण ज्या वडावर धनेश उतरतात असे सांगितले होते तो आठवड्यापूर्वीच फळून गेला होता आणि हे मामांना माहीत असायला हवे होते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन दुर्बिणींपैकी एकीच्या दोन्ही नळ्या जुळत नाहीत, पाच मिनिटांत डोके दुखू लागते. स्वतःची ८ बाय ४२ची दुर्बीण असेल तर ती जरूर न्यावी. आडोशात बसायला चटई नाही आणि मुंग्या आहेत.

एक दोष मला अधिक महत्त्वाचा वाटला. पडवीच्या भिंतीवर धनेशांचा एक सुंदर रंगीत तक्ता लावला आहे आणि प्रत्येक पक्ष्याखाली त्याची आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, कोणत्या जिवाला किती धोका आहे हे सांगणाऱ्या, लाल यादीतील स्थिती लिहिली आहे, पण ती जुनी आहे. त्यात महाधनेश संकटसमीप आणि मलबारी राखी धनेश चिंतामुक्त असे लिहिले आहे. प्रत्यक्षात २०१८ साली महाधनेशाला संकटसमीप गटातून काढून त्याहून गंभीर अशा असुरक्षित गटात टाकण्यात आले आणि २०२० साली मलबारी राखी धनेशही असुरक्षित ठरला. कवड्या धनेश तेवढा अजून संकटसमीप आहे. तक्त्यावरच्या दोन शब्दांचा हा फरक पाहुण्यांना किरकोळ वाटेल, पण त्यामागचे कारण आमच्या दारातले आहे. जंगले कमी होत आहेत, उरलेल्या जंगलातली थोराड झाडे आधी तुटतात, आणि काही प्रदेशांत शिरस्त्राण, पिसे व चरबी यांसाठी अजून शिकार होते. सांधेदुखीवर गरुडाच्या चरबीचे तेल चांगले, हे मी लहानपणी आमच्या आळीतही ऐकले आहे. त्यात हा पक्षी वर्षातून एकदाच वितो आणि महाधनेशाच्या एका ढोलीतून बहुधा एकच पिल्लू बाहेर पडते. एका जोडीचा एक हंगाम बुडाला तर तो भरून निघत नाही. मलबारी राखी धनेश आम्हाला रोज दिसतो, सकाळी घराच्या मागे खिदळल्यासारखा ओरडतो, आणि म्हणून तो भरपूर आहे असे वाटते. परंतु त्याचे जगच सह्याद्रीच्या एवढ्याशा पट्ट्यापुरते आहे. आपल्या कायद्यानुसार हे धनेश १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाइतकेच कडक संरक्षण त्यांना आहे. तक्त्यात हेही कोठे नाही. मी मामांना सुधारित माहिती लिहून दिली आणि त्यांनी ती लगेच कागदावर उतरवून तक्त्याच्या खाली चिकटवली.

परतताना मामांनी झाडाच्या बाजूने नव्हे, तर उतारावरून लांबून वळसा घालून एक जागा दाखवली. तेथे मागच्या वर्षी वापरात असलेली आणि आता रिकामी असलेली दुसरी ढोली आहे. तिच्या बुंध्याशी जमिनीवर वावभर जागेत रोपे दाटीने उगवलेली होती: रानजायफळ, धूप, नांद्रुक आणि मला ओळखता न आलेली आणखी काही. ढोलीच्या फटीतून बाहेर टाकलेल्या बिया तेथेच रुजल्या होत्या. फळाचा गर खाऊन बी शाबूत बाहेर टाकायचे, तेही बहुतेक वेळा मूळ झाडापासून खूप दूर नेऊन, हे धनेशाचे काम आहे, आणि रानजायफळासारख्या मोठ्या बियांची फळे गिळू शकणारे पक्षी रानात फार थोडे आहेत. ज्या काजऱ्याच्या बिया माणसाला विषारी, त्याचे फळही कवड्या आणि राखी धनेश बिनधोक खातात. पावसाळ्यापूर्वी त्या रोपांपैकी काही काढून मामा आपल्या बांधावर लावतात. त्यांच्या वडिलांनी घर बांधताना तो बेहडा तोडायला काढला होता आणि आजीने गरुडाचे घर आहे म्हणून तोडू दिला नाही, असे मावशींनी सांगितले.

दांडेलीशी तुलना होणारच, म्हणून तेही लिहिते. पहिल्यांदाच धनेश पाहायचा असेल, सोबत वयस्कर माणसे असतील आणि पक्षी नक्की दिसलाच पाहिजे अशी अपेक्षा असेल, तर दांडेली-गणेशगुडीकडे जाणे अधिक योग्य. तेथे काळी नदीच्या काठाने २०११ साली धनेशांसाठी खास संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालेले आहे, राहण्याची सोय भरपूर आहे आणि कवड्या धनेश गावाच्या इतक्या जवळ येतात की रस्त्यावरूनही दिसतात. जांबोटीकडे एवढी खात्री नाही. आमच्या वेळी महाधनेश दोन दिवसांत एकूण तीनदा दिसला, राखी धनेश अनेकदा आणि कवड्या एकदाही नाही.

पैशाच्या हिशोबाबद्दल मामांनी न विचारता सांगितले की, माणशी २,२०० पैकी २०० रुपये ते बाजूला ठेवतात आणि शेजारच्या दोन घरांना देतात, कारण त्यांच्या रानातही एकेक ढोली आहे. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अशाच तऱ्हेने शहरांतल्या लोकांनी ढोली दत्तक घेण्याची आणि त्या पैशांतून स्थानिक न्यिशी जमातीच्या माणसांनी तिची राखण करण्याची योजना चालू आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना फार नवल वाटले. त्यांच्यापुरता तो एक साधा शेजारधर्म आहे. त्या दोन घरांपैकी एकाने गेल्या वर्षी लाकूड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवले.

माझ्याकडून या सेवेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या दुर्बिणीचा, संध्याकाळच्या फेरीचा आणि विजेबद्दल न सांगितल्याचा. कधी जावे, हे मामांकडून विचारून घेतले आहे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ढोली पाहता येते. त्यानंतर मादी बाहेर येते, पिल्लू काही दिवस आत एकटे राहते आणि पहिल्या उड्डाणाचा काळ जवळ आलेला असतो, म्हणून पिल्लू बाहेर पडेपर्यंत ते पाहुणे घेत नाहीत. पावसाळ्यात जळवा आणि चिखल यांमुळे निवास बंद असतो. नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू होतो, तेव्हा ढोली नसते, पण फळलेल्या वडावर एका वेळी अनेक धनेश पाहायला मिळतात. बेळगावहून कणकुंबीकडे जाणाऱ्या सकाळच्या बसने फाट्यावर उतरता येते आणि आधी सांगितले असल्यास तेथून पुढे मामांचा मुलगा दुचाकीवरून एकेकाला घेऊन जातो.